क्वेरी तीच, आकडे वेगळे: लॉग अ‍ॅनालिटिक्समधल्या क्वेरी टीमसोबत वाटून घेताना

रात्री पावणेदोनला आमच्या टीममधल्या नव्या मुलीचा मेसेज आला. त्या आठवड्यात ऑन-कॉल, म्हणजे रात्री-अपरात्री अलर्ट आला की बघायची जबाबदारी, तिच्याकडे होती. "दादा, तुम्ही दिलेली क्वेरी चालवली. एकही फेल्युअर दिसत नाहीये. अलर्ट बंद करू का?" मी लॅपटॉप उघडून तीच क्वेरी (लॉगमधून, म्हणजे सेवांच्या आपोआप ठेवलेल्या नोंदींमधून, हवं ते शोधायचा प्रश्न) चालवली, तर माझ्याकडे 412 ओळी आल्या. पेमेंटच्या सेवेकडून परत आलेले 500 चे, म्हणजे सर्व्हरच्या बिघाडाचे, प्रतिसाद, एकाखाली एक.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. क्वेरी अक्षरन् अक्षर तीच होती आणि कुठे एररही आली नव्हती. तिच्यासमोर फक्त एक रिकामा तक्ता होता. रात्री पावणेदोनला रिकामा तक्ता दिसला की "सगळं ठीक आहे" असाच अर्थ कुणीही लावेल. म्हणूनच मला हा प्रकार धोक्याचा वाटतो. एरर आली तर माणूस थांबतो, विचारतो. चुकीचं पण शांत उत्तर आलं की तो निर्णय घेऊन मोकळा होतो.

आमच्याकडे हे पुन्हा पुन्हा व्हायचं. कधी सेव्ह केलेली क्वेरी दुसऱ्याला सापडायचीच नाही, कधी सापडायची पण चालायची नाही, आणि कधी चालायची पण आकडे वेगळे यायचे. दर वेळी आम्ही ती अडचण तेवढ्यापुरती सोडवायचो आणि महिन्याभरात परत तिथेच यायचो. मी रोज मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर मॉनिटर या देखरेखीच्या साधनातल्या लॉग अ‍ॅनालिटिक्समध्ये केक्यूएल (तिथली क्वेरी लिहायची भाषा) लिहितो, त्यामुळे उदाहरणं तिथलीच आहेत. क्वेरीचे शब्द मी इथे देवनागरीत देतोय; ज्यांचा हा रोजचा उद्योग आहे त्यांना ते लगेच ओळखू येतील.

मूळ गोष्ट अशी, की क्वेरीचा मजकूर म्हणजे अर्धीच क्वेरी. ती कुठल्या स्कोपवर (म्हणजे कुठल्या नोंदींच्या आवाक्यात) चालली, कुठल्या वेळेच्या खिडकीत चालली, चालवणाऱ्याला काय बघायची परवानगी होती, हे सगळं मजकुराच्या बाहेर राहतं. आपण पाठवतो फक्त मजकूर. उरलेलं अर्धं आपल्याच स्क्रीनवर राहून जातं.

आधी दोन्हीकडची पावती घ्या

दोघांचे आकडे जुळत नसतील तर क्वेरी वाचत बसू नका. आधी दोघांनी आपापल्या स्क्रीनवर ही एक ओळ चालवायची. तक्त्याचं नाव आणि वेळेचा फिल्टर तसाच ठेवायचा, बाकी सगळे फिल्टर काढायचे, आणि त्याखाली:

समराइज काउंट(), मिन(टाइमजनरेटेड), मॅक्स(टाइमजनरेटेड), मेक_सेट(_रिसोर्सआयडी)

याला आम्ही टीममध्ये पावती म्हणतो. एकूण ओळी किती, सगळ्यात जुनी नोंद कधीची, सगळ्यात नवी कधीची, आणि कुठल्या कुठल्या रिसोर्सच्या (म्हणजे आपल्या एकेका सेवेच्या किंवा वेबसाइटच्या) नोंदी दिसतायत, हे चारही एका ओळीत मिळतं. दोन्ही पावत्या चॅटवर शेजारी शेजारी टाकल्या की बहुतेक वेळा कारण तिथेच कळतं. जुन्या-नव्या नोंदींच्या वेळा जुळत नसतील तर भानगड वेळेच्या खिडकीत आहे. रिसोर्सची यादी वेगळी असेल तर स्कोप नाहीतर परवानगी. दोन्ही जुळतायत आणि ओळींमध्ये थोडाच फरक आहे, तर बहुधा नोंदी अजून आत येतायत. आणि पावती हुबेहूब सारखी आली, तरच क्वेरीचा मजकूर ओळीओळीने ताडून बघायचा.

बाकीचे फिल्टर काढायला का सांगतोय? त्या रात्री मी ते सांगायला विसरलो होतो. तिने 500 चा फिल्टर तसाच ठेवून पावती घेतली, ओळी शून्य आल्या, रिसोर्सची यादीही रिकामी. त्यातून काहीच कळेना. फिल्टर काढल्यावर तिच्या यादीत एकच रिसोर्स आला, आमच्या ग्राहकांना दिसणाऱ्या वेबसाइटचा. माझ्या यादीत पाच होते आणि पेमेंटची सेवा त्यातलीच एक.

स्कोप आणि परवानगी

ती लॉग्जचं पान वेबसाइटच्या अ‍ॅप सर्व्हिसवरून उघडत होती. मी वर्कस्पेसवरून (जिथे सगळ्या सेवांचे लॉग एकत्र साठतात) उघडत होतो. रिसोर्सच्या पानावरून लॉग्ज उघडले की स्कोप तेवढ्या रिसोर्सपुरताच राहतो, आणि 'अ‍ॅपसर्व्हिसएचटीटीपीलॉग्ज' हा तक्ता दोन्हीकडे त्याच नावाने चालतो. त्यामुळे क्वेरी अडखळत नाही, फक्त कमी दाखवते. एडिटरच्या वर डाव्या कोपऱ्यात स्कोपचं नाव लिहिलेलं असतं. त्याच्याकडे बघायची सवय मला स्वतःला लागायलाही वेळ लागला.

मग मी तिला म्हटलं, "अगं, वर्कस्पेसवरून उघड." तर वर्कस्पेस तिला दिसेचना. कारण तिला वाचायची परवानगी फक्त त्या एका वेबसाइटवर दिलेली होती. वर्कस्पेसला 'रिसोर्स किंवा वर्कस्पेसची परवानगी' अशी सेटिंग असेल, तर ज्याला फक्त काही रिसोर्सवर परवानगी आहे त्याला तेवढ्याच रिसोर्सच्या नोंदी दिसतात. उरलेल्या गाळल्या गेल्या आहेत अशी कुठलीही सूचना येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण ऑन-कॉलवरच्या माणसाला हे आधी ठाऊक हवं.

आम्ही केलेला उपाय साधा होता. टीमचा एक ग्रुप केला, त्या ग्रुपला वर्कस्पेसवर 'लॉग अ‍ॅनालिटिक्स रीडर' ही भूमिका दिली, आणि नवं माणूस आलं की त्याला ग्रुपमध्ये घालायचं असं ठरवलं. एकेकाला वेगवेगळी परवानगी देत गेलं की कुणाला काय दिसतं हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही. तुमच्याकडे सुरक्षेचे लोक वर्कस्पेसभर परवानगी देणार नसतील तर तेही ठीक. मग क्वेरीच्या वर्णनात "ही वर्कस्पेसवरूनच चालवावी, नाहीतर अपुरं दिसेल" असं ठळकपणे लिहून ठेवा.

स्कोपचा दुसरा प्रकार निदान एरर तरी देतो. अ‍ॅप्लिकेशन इनसाइट्सच्या (अ‍ॅपच्या कामावर नजर ठेवणाऱ्या भागाच्या) पानावरून लिहिलेल्या क्वेरीत तक्त्याचं नाव 'रिक्वेस्ट्स' असतं आणि वेळेचा कॉलम 'टाइमस्टॅम्प'. वर्कस्पेसवरून त्याच नोंदी 'अ‍ॅपरिक्वेस्ट्स' या नावाने येतात आणि वेळ 'टाइमजनरेटेड'मध्ये. 'कस्टमडायमेन्शन्स'चं 'प्रॉपर्टीज' होतं, 'क्लाउड_रोलनेम'चं 'अ‍ॅपरोलनेम', 'ड्युरेशन'चं 'ड्युरेशनएमएस'. एकाने एका पानावरून सेव्ह केली आणि दुसऱ्याने दुसऱ्या पानावर उघडली की तक्ताच सापडत नाही. जुन्या पद्धतीचे, वर्कस्पेसशी न जोडलेले अ‍ॅप्लिकेशन इनसाइट्स 29 फेब्रुवारी 2024 ला निवृत्त झाले, त्यामुळे आता वाटून घ्यायच्या सगळ्या क्वेरी वर्कस्पेसच्या नावांनीच लिहायच्या असा नियम करून टाका. आमच्या जुन्या क्वेरी बदलायला एक दुपार लागली. त्यानंतर ही तक्रार आली नाही.

साडेपाच तासांचा फरक

यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे. कारण यात आमचे सगळ्यात जास्त वाद झाले आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या.

दर दिवशी किती रिक्वेस्ट फेल झाल्या याची एक क्वेरी होती: समराइज काउंट() बाय बिन(टाइमजनरेटेड, 1डी). यातलं 'बिन' वेळेचे दिवसादिवसाचे तुकडे पाडतं. सकाळच्या कॉलवर एक सहकारी म्हणाला मंगळवारी फेल्युअर जास्त आहेत. सपोर्टच्या मॅडम म्हणाल्या, "छे हो, मंगळवारी एकही तक्रार आली नाही, सगळ्या बुधवारी पहाटेच्या आहेत." दोघांकडे पुरावा होता.

लॉग अ‍ॅनालिटिक्समध्ये 'टाइमजनरेटेड' ही वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवलेली असते. पोर्टलमध्ये तुम्ही स्थानिक वेळ निवडली तर ती दाखवताना बदलून दाखवली जाते, पण 'बिन' मात्र यूटीसीच्या दिवसानेच कापतं. आपली घड्याळं यूटीसीच्या 5 तास 30 मिनिटं पुढे. म्हणजे क्वेरीचा "दिवस" आपल्या सकाळी 5:30 ला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी 5:30 ला संपतो. बुधवारी पहाटे तीनला झालेला गोंधळ तिच्या हिशेबात मंगळवारात जातो. खूण डोळ्यांसमोरच होती: तक्त्यात प्रत्येक तारखेपुढे सकाळचे 5:30 लिहिलेले. आम्ही सगळ्यांनी ते रोज बघितलं होतं, आणि ते तसंच असतं असं समजून पुढे गेलो होतो.

उपाय क्वेरीतच करायचा, सेटिंगमध्ये नाही. कारण सेटिंग ज्याची त्याची असते. आम्ही असं लिहितो: बिन(टाइमजनरेटेड + 330एम, 1डी) - 330एम. वेळ आधी 330 मिनिटं पुढे न्यायची, दिवस कापायचा, मग तितकीच मागे आणायची. आता दिवस आपल्या मध्यरात्री सुरू होतो आणि भारतीय वेळेत बघणाऱ्याला तारखेपुढे रात्रीचे बारा दिसतात. आमचा एक सहकारी न्यू जर्सीत बसतो. त्याच्या पडद्यावर लेबल वेगळं दिसतं, पण दिवसाची कापणी त्याच्याकडेही तीच राहते, आकडेही तेच. लेबलचाही घोळ नको असेल तर तारखेचं 'फॉरमॅट_डेटटाइम'ने अक्षरांत रूपांतर करा. मग पोर्टल तिला हात लावत नाही. त्या वेळी 330 मिनिटं परत वजा करायची नाहीत, एवढं लक्षात ठेवा. 'स्टार्टऑफडे(नाऊ())' वापरणाऱ्यांनीही सावध राहावं, तोही यूटीसीचाच दिवस धरतो.

वेळेचाच दुसरा मुद्दा वरच्या टाइम पिकरचा. क्वेरीत वेळेचा फिल्टर नसेल तर पिकरमध्ये जे निवडलंय ते लागू होतं. तुमच्याकडे "गेले 7 दिवस" निवडलेलं, समोरच्याकडे 24 तास. क्वेरीतच 'व्हेअर टाइमजनरेटेड > एगो(24एच)' लिहिलंत की पिकरवर "क्वेरीत ठरवलेली वेळ" अशा अर्थाची पाटी येते आणि दोघांचं भांडण मिटतं. एखाद्या घटनेची चौकशी चालू असेल तर मात्र 'एगो' नको. तिथे सुरुवातीची आणि शेवटची नक्की वेळ, यूटीसीत, 'बिटवीन'मध्ये लिहा. "गेले 24 तास" म्हणजे उघडणाऱ्याच्या क्षणापासून मागचे 24 तास. तुम्ही काल पाठवलेली लिंक त्याने आज उघडली तर ती घटना खिडकीतून निघून गेलेली असते.

आणि नोंद आत यायला वेळ लागतो. साधारण 20 सेकंद ते 3 मिनिटं, कधी जास्तही. घटना चालू असताना दोघांनी दोन मिनिटांच्या अंतराने क्वेरी चालवली तर आकडे जुळणार नाहीतच. 'इन्जेश्चन_टाइम()' मधून 'टाइमजनरेटेड' वजा केलं की नेमका किती उशीर होतोय ते दिसतं.

चॅटवरून पाठवलेली क्वेरी

मजकूर कॉपी करून चॅटवर किंवा मेलवर टाकणं सगळ्यात सोपं, आणि सगळे तेच करतात. तीन गोष्टी बिघडतात.

सरळ अवतरणचिन्हांची गोलसर होतात. मेलमध्ये आणि वर्डमध्ये हे आपोआप होतं, डोळ्यांना पटकन दिसत नाही, आणि केक्यूएलला ती चिन्हं कळत नाहीत.

ओळी मोडतात. समजा तिसऱ्या ओळीवर तुम्ही // टाकून टीप लिहिलीत. पाठवताना सगळ्या ओळी जोडल्या जाऊन एकच लांब ओळ झाली, की // च्या पुढची अख्खी क्वेरी टीप होऊन बसते. फिल्टर गेले, 'समराइज' गेलं. उरलं फक्त तक्त्याचं नाव आणि आधीचं जे काही असेल ते. क्वेरी चालते, ओळींचा ढीग येतो, आणि समोरचा म्हणतो, "तुमची क्वेरी खूप जास्त दाखवतेय."

तिसरं, रिकामी ओळ. एडिटर रिकाम्या ओळीवर क्वेरी तोडतो आणि कर्सर जिथे असेल तेवढाच तुकडा चालवतो. 'लेट'च्या (एखाद्या मूल्याला नाव देणाऱ्या) ओळींनंतर शोभेसाठी एक रिकामी ओळ सोडली असेल तर वरचा आणि खालचा भाग वेगळे पडतात. खालचा चालवला तर नावं सापडत नाहीत, वरचा चालवला तर चालवण्याजोगं विधानच नाही अशी एरर. अशा वेळी पूर्ण क्वेरी सिलेक्ट करून चालवा, आणि सेव्ह करण्याआधी रिकाम्या ओळी काढून टाका.

मजकुरापेक्षा 'शेअर'मधून लिंक कॉपी करणं बरं. क्वेरी त्या लिंकमध्येच दाबून भरलेली असते आणि स्कोपही सोबत जातो. पण क्वेरी मोठी असली की लिंक फार लांब होते आणि काही चॅट अ‍ॅप्स ती मध्येच तोडतात. घाईच्या वेळी लिंक चांगली. पुन्हा लागणाऱ्या क्वेरीसाठी ती जागा नाही.

सेव्ह केली, पण सापडत नाही

'सेव्ह अ‍ॅज क्वेरी' केलं की ती क्वेरी पॅकमध्ये, म्हणजे सेव्ह केलेल्या क्वेरींच्या संचात, जाते. काही न बदलता सेव्ह केली तर डिफॉल्ट पॅकमध्ये, आणि हा पॅक प्रत्येक सबस्क्रिप्शनचा (सेवा ज्याखाली घेतल्या त्या एकेका खात्याचा) वेगळा असतो. आमचं टेस्टिंग एका सबस्क्रिप्शनमध्ये आणि प्रॉडक्शन दुसऱ्यात. टेस्टिंगवर बसून सेव्ह केलेल्या क्वेरी प्रॉडक्शनवाल्यांना दिसत नव्हत्या, यात गूढ असं काही नव्हतं.

आम्ही टीमचा स्वतःचा एक पॅक केला. सेव्ह करताना डिफॉल्ट पॅकची खूण काढायची आणि हा पॅक निवडायचा. पॅकवर वाचायची परवानगी असेल तर क्वेरी दिसतात आणि चालवता येतात, बदलायला लिहायची परवानगी लागते. पाहणाऱ्यालाही एकदा क्वेरींच्या खिडकीत जाऊन हा पॅक निवडावा लागतो. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी आम्ही हे शेजारी बसून करून देतो.

पॅक बरोबर आहे तरी दिसत नसेल तर फिल्टर बघा. क्वेरींची खिडकी ज्या रिसोर्सवरून उघडाल त्या प्रकाराचा फिल्टर आपोआप लावते. सेव्ह करताना रिसोर्सचा प्रकार दुसरा निवडला असेल तर ती तिथे लपते. फिल्टर काढला की येते. पूर्वी थेट वर्कस्पेसमध्ये सेव्ह केलेल्या जुन्या क्वेरी 'लेगसी' म्हणून वेगळ्या गटात असतात. त्यातल्या कामाच्या तेवढ्या उघडून नव्या पॅकमध्ये पुन्हा सेव्ह करा.

व्याख्या एकच हवी

पावती जुळली, मजकूरही जवळजवळ तोच, तरी आकडे वेगळे, असं झालं की समजायचं, मध्ये कुणीतरी आपली प्रत काढून थोडी सुधारली आहे. कुणी 'कंटेन्स'चं 'हॅज' केलेलं असतं, कारण ते जलद आहे. खरंच आहे, पण 'हॅज' पूर्ण शब्द शोधतं. "कनेक्शनटाइमआउट" असा जोडून लिहिलेला शब्द असेल तर त्यातलं "टाइमआउट" त्याला सापडणार नाही. कुणी == च्या जागी =~ केलेलं असतं आणि आता मोठी-लहान अक्षरं सारखी मोजली जातायत. कुणी 'टेक 100' लावलेलं असतं. 'टेक' कुठल्याही 100 ओळी आणतं, दर वेळी त्याच येतील याची खात्री नाही. क्रम हवा असेल तर 'टॉप 100 बाय टाइमजनरेटेड'.

अ‍ॅप्लिकेशन इनसाइट्सचं सॅम्पलिंग (सगळ्या नोंदींऐवजी त्यातल्या काहीच साठवणं) चालू असेल तर यातलं सगळ्यात मोठं अंतर तिथून येतं. एक साठवलेली ओळ अनेक प्रत्यक्ष रिक्वेस्टच्या बदल्यात असते, आणि किती त्याचा आकडा 'आयटमकाउंट'मध्ये असतो. एकाने काउंट() केलं आणि दुसऱ्याने सम(आयटमकाउंट), तर दुसऱ्याचा आकडा खऱ्या रहदारीच्या जवळ जातो आणि पहिल्याला वाटतं याने दुप्पट मोजलं.

म्हणून "फेल्युअर म्हणजे काय" ही व्याख्या आम्ही वर्कस्पेसमध्ये फंक्शन (नावाने पुन्हा वापरता येणारी क्वेरी) म्हणून सेव्ह केली. 404 (पान सापडलं नाही) धरायचा का, हेल्थ चेकच्या (सेवा चालू आहे ना हे तपासणाऱ्या) रिक्वेस्ट वगळायच्या का, हे एकदाच बसून ठरवलं. आता सगळ्यांच्या क्वेरी त्या फंक्शनच्या नावानेच सुरू होतात. त्यात बदल केला की सगळीकडे लागू होतो, अलर्टमध्येही. त्यामुळे फंक्शनचा मजकूर गिटमध्येही (बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवतो आणि दुसऱ्या कुणीतरी बघितल्याशिवाय बदलत नाही.

वर्णनाच्या चौकटीत काय लिहायचं

सेव्ह करताना वर्णनाची चौकट बहुतेकजण रिकामी सोडतात. मीही सोडायचो. आता त्या पेमेंटच्या क्वेरीवर एवढं लिहिलेलं आहे: "वर्कस्पेसवरून चालवावी. वेळ क्वेरीतच आहे, 24 तास. दिवस भारतीय मध्यरात्रीपासून. एकही ओळ आली नाही तर आधी पावती चालवून पेमेंटची सेवा यादीत आहे का ते बघावं, मगच अलर्टला हात लावावा." शेवटचं वाक्य त्या रात्रीच्या मुलीने स्वतः लिहिलंय.

एक गोष्ट मात्र कधीच सेव्ह करू नका, ती म्हणजे ग्राहकाचा मोबाइल नंबर, ई-मेल किंवा खाते क्रमांक. तक्रार शोधताना आपण तो फिल्टरमध्ये टाकतो आणि त्याच अवस्थेत क्वेरी सेव्ह होते, मग ती पॅक वाचू शकणाऱ्या प्रत्येकासमोर येते. वर एक 'लेट' लिहा, त्यात "इथे नंबर टाका" एवढंच ठेवा, आणि सेव्हचं बटण दाबण्याआधी ती ओळ पुन्हा एकदा वाचा.